एकोणीस मच्छीमार आणि एक खुलासा

१४ जानेवारी २००६

एक तारखेचे संकल्प तीन तारखेपर्यंत मोडले. पण आमच्याकडे रशियात जुन्या कालगणनेप्रमाणे आज नवं वर्ष दुसऱ्यांदा येतं, त्यामुळे माझ्यासारख्यांना आणखी एक संधी मिळते. ही वही त्या दुसऱ्या संधीची.

मला दुसऱ्या तिमाहीत रशियन भाषेत दोन पडले. पाचपैकी दोन, म्हणजे नापास. जिच्यात मी भांडते, रडते, झोपेत बडबडते, त्याच भाषेत नापास. एमा ल्वोव्नांनी भर वर्गात सांगितलं, "ताइसिया झिर्यानोवा, तिसऱ्या तिमाहीतही दोन आले तर पुढच्या वर्षी तू पुन्हा आठवीतच. खोली तीच, बाक तोच, फक्त शेजारची मुलं लहान." वर्ग हसला. माझ्या बाकावरची स्नेझाना तर जरा जास्तच हसली. मी हसले नाही. मी मनात म्हटलं, बघतेच.

म्हणून दोन दिवस शाळेत सारण भरलेल्या पिरोश्की न खाता पैसे वाचवले आणि बसस्थानकावरच्या टपरीतून गृहपाठाच्या उत्तरांची पुस्तिका आणली. पिवळ्या कव्हरची, खिशात मावते. आठवीच्या व्याकरणाचा प्रत्येक स्वाध्याय तिच्यात सोडवून ठेवलेला आहे. एमा ल्वोव्ना या पुस्तिकांना "मेंदूचं भाडं" म्हणतात. म्हणू देत.

२० जानेवारी

खरं लिहायचं ठरवलंय, तर लिहिते. पहिले दोन दिवस पिवळीतून सरळ उतरवून काढलं. दहा मिनिटांत गृहपाठ खलास, वहीत पाच. तिसऱ्या दिवशी फळ्याजवळ बोलावलं आणि तेच वाक्य सोडवायला सांगितलं, तर मी खडू हातात धरून खिडकीतून बाहेरचा बर्फ बघत राहिले. घरी पाच आणि फळ्यावर शून्य.

घरी येऊन पिवळीला जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिलं, अगदी वर. स्टूल आणल्याशिवाय माझा हात पोचत नाही आणि स्टूल आणायचा मला भयंकर कंटाळा. तेच तिचं कुलूप.

आता मी आधी सगळं पेन्सिलीने सोडवते. चुकलं तर चुकलं. पेन्सिल खाली ठेवली की मगच स्टूल. मग पिवळीशी ताडून बघायचं आणि जिथं चुकलं तिथं हिरव्या पेनाने लिहायचं, का चुकलं ते. पाठ्यपुस्तकात नियम सापडेपर्यंत पुढचा स्वाध्याय नाही. नियम सापडलाच नाही तर पिवळीच्या समासात प्रश्नचिन्ह. काल एका स्वाध्यायाला दीड तास लागला. स्नेझाना म्हणते, "तुझ्याकडे उत्तरं आहेत आणि तरी तू डोकं फोडतेस? तू वेडी आहेस का गं?"

असेन.

२९ जानेवारी

बाबा माझ्यावर पाळत ठेवतात.

पुरावे आहेत. मी उठते सातला, ते सहाला बंदरावर जातात. हिवाळ्यात नदी गोठलेली असते, बोटी गोदीत दुरुस्तीला लागतात, म्हणून त्यांची घाई. मी रोज पिवळीचं तोंड भिंतीकडे करून ठेवते. सकाळी बघते तर तोंड खोलीकडे. स्टूल जागचं हललेलं नाही, म्हणजे उंच माणूस. घरात माणसं दोन, आणि त्यातलं उंच एकच. पानांना डिझेलचा वास येतो. माझ्या वहीचीही जागा बदललेली असते. पिवळीच्या समासात मी न केलेल्या पेन्सिलीच्या फुल्या दिसतात.

चुका मोजत असतील. आई दोन वर्षांपूर्वी पेर्मला कामासाठी म्हणून गेली आणि तिथंच दुसरा संसार मांडला, तेव्हापासून बाबांना माझी काळजी करण्याची हौस आली आहे. काळजी करायची तर तोंडावर करावी. माझ्यामागे वह्या चाळायच्या म्हणजे काय?

५ फेब्रुवारी

रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे आणि खारवलेला मासा. बाबा माशाचे काटे काढता काढता म्हणाले, "तो एकतिसावा नियम... कळला का गं तुला?"

"परीक्षा घेताय माझी?"

"नाही. सहज विचारलं."

"सहज म्हणून कुणी नियमाचा नंबर सांगत नाही."

त्यांनी आणखी एक काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "एमा ल्वोव्ना अजून लाल शाईच वापरतात?" मी म्हटलं, वापरतात आणि बादलीभर वापरतात. त्यांनी मान हलवली आणि ताट उचललं. त्यांचीही तीच शाळा होती, पण त्या दिवसांबद्दल ते कधी एक शब्द बोलत नाहीत.

खरं म्हणजे एकतिसावा नियम मला कळला होता. सांगितला असता तर काय बिघडलं असतं? पण माझं डोकं एकदा तापलं की तापलं.

१४ फेब्रुवारी

आज पिवळी चुकली. मी नाही, ती. तीन वेळा नियम वाचला, माझंच बरोबर. समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं: "असहमत. ताइसिया." इतका आनंद मला कधी पाच मिळूनही झाला नव्हता.

फळ्याजवळ आज तीन मिळाले. माझे स्वतःचे.

२३ फेब्रुवारी

पुरुषांचा दिवस. बाबांना दाढीचा फेस दिला. "छान आहे," म्हणाले. "पण पेन दिलं असतंस तरी चाललं असतं." चेष्टा करतात. आमच्या घरात बाबांनी हातात पेन धरलेलं मी फक्त सही करताना पाहिलंय. त्यांचे सगळे अर्ज, अहवाल आई लिहायची.

बंदरावर त्यांना दुसऱ्यांदा फोरमन व्हा म्हणून विचारलं. त्यांनी दुसऱ्यांदा नको सांगितलं. "कागदांचा ताप कोण घेणार?" माझा बाप अख्खं इंजिन डोळे मिटून जोडतो, आणि कागदाला घाबरतो. मला पटत नाही हे.

२४ फेब्रुवारी

दोनशे सोळावा स्वाध्याय केला. उतारा मधमाश्या पाळणाऱ्या म्हाताऱ्याचा. स्टूल आणून पिवळी उघडली, तर दोनशे सोळामध्ये बर्फावर बसलेला मच्छीमार! बराच वेळ घोळ कळेना. मग कळलं, आम्हाला सप्टेंबरात नव्या आवृत्तीची पुस्तकं मिळाली आणि पिवळी जुन्या आवृत्तीची आहे. बहुतेक स्वाध्याय तेच आहेत, काही बदललेत. आज पहिल्यांदाच ताडून बघायला कुणी नव्हतं. नियमांवरून जमेल तेवढं केलं आणि देवाचं नाव घेतलं.

स्नेझानाला फोन करून सांगितलं, "दोनशे सोळा जुळत नाही, बघ हं." तिच्याकडेही त्याच टपरीतली पुस्तिका आहे. ती म्हणाली, "मी पाठ्यपुस्तक कधीच उघडत नाही, मला काय कळणार?"

२७ फेब्रुवारी

आज सगळं लिहिणार.

आमच्याकडे गृहपाठ घरी होत नाही, तो मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर होतो. शनिवारी स्नेझानाची पुस्तिका त्या कट्ट्यावर उघडी पडली होती आणि वर्ग रांगेने उतरवून घेत होता. आज एमा ल्वोव्ना वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या, टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "पाठ्यपुस्तकात मधमाश्या आहेत. माझ्या टेबलावर एकोणीस मच्छीमार येऊन बसलेत. एकोणीस जण एकाच भोकात गळ टाकून. बर्फ फुटेल ना रे."

कुणाला हसू आवरेना, कुणाला रडू. स्नेझानाने मान खाली घालून पुस्तिका पुढे केली.

"आणखी कुणाकडे आहे ही?"

माझी वही मधमाश्यांची होती. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मला जमत नाही. मी हात वर केला. आवृत्तीतला फरक स्नेझानाला दाखवायला म्हणून दप्तरात आणलेली पिवळी काढून टेबलावर ठेवली.

एमा ल्वोव्ना चष्म्यावरून बघत राहिल्या. "म्हणून गेल्या महिन्यात सुधारणा दिसते आहे होय. दोनावरून थेट चार."

"मी उतरवत नाही. मी ताडून बघते."

"सगळे ताडूनच बघतात, ताइसिया. आधी बघतात आणि मग ताडतात."

"माझ्या वहीत मच्छीमार आहे का?"

एमा ल्वोव्नांचा चेहरा लाल झाला. एकोणीस जणांना त्यांनी खुलासा लिहायला बसवलं: मी उत्तरं उतरवली, पुन्हा अशी पुस्तिका वापरणार नाही, सही. एकोणिसांनी पाच मिनिटांत लिहून दिला. झालं, माफ. माझ्यापुढेही कागद ठेवला. मी तो कोराच परत केला.

"मी उतरवली नाहीत. आणि पुन्हा वापरणार नाही असंही लिहिणार नाही, कारण वापरणार आहे."

"मग या तिमाहीतले तुझे घरच्या अभ्यासाचे सगळे गुण मी रद्द करते. खुलासा येईपर्यंत."

ते रद्द झाले तर माझी सरासरी दोन. म्हणजे पुन्हा आठवी. उतरवणारे एकोणीस जण वर जाणार आणि मी खाली राहणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पिवळी जप्त.

२८ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. ते बुटांना तेल लावत होते. एक बूट पूर्ण करून दुसरा हातात घेतला. मग म्हणाले, "लिहून टाक ना, तायुशा. एक ओळ तर आहे. मी आयुष्यभर अशा ओळींखाली सह्या केल्या. काही होत नाही."

"तुम्ही न वाचता सह्या करता."

बोलून गेले. त्यांनी बूट खाली ठेवला, ब्रश डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं. एवढं हळू लावलं की मला आणखी काहीतरी बोलावंसं वाटलं, पण मी बोलले नाही. मला लाज वाटते आहे. पण खुलासा लिहिणार नाही तो नाहीच.

३ मार्च

पिवळीशिवाय करते आहे. अंधारात चालल्यासारखं होतं, चूक झाली की नाही हेच कळत नाही. पण हिरवं पेन चालू आहे. जिथं शंका, तिथं नियम शोधायचा.

एक गंमत. पिवळी घरात नाही, तरी माझ्या वहीची जागा रोज सकाळी बदललेली असते. आता काय मोजतात?

७ मार्च

उद्या महिला दिन, म्हणून आज शिक्षिकांना फुलं. वर्गाने एमा ल्वोव्नांना मिमोसाची जुडी द्यायची आणि ती मी द्यायची, असं स्नेझानाने ठरवलं. "दे आणि पडती बाजू घे, मूर्ख मुली. फुलं हातात असली की माणूस विरघळतो."

मी जुडी दिली. म्हटलं, "महिला दिनाच्या शुभेच्छा. खुलासा मी तरीही लिहिणार नाही." स्नेझानाने कपाळाला हात लावला.

एमा ल्वोव्नांनी फुलांचा वास घेतला. "शुक्रवारी तीन वाजता वडिलांना घेऊन ये," म्हणाल्या. "मुलगी लिहीत नसेल तर पालक लिहितील. नियम आहे."

बाबा लिहितील! मी जवळजवळ सांगणार होते की आमच्या घरात लिहिणारं माणूस पेर्मला असतं. पण तोंड बंद ठेवलं. घरी सांगितलं तर बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. "शुक्रवारी," एवढंच म्हणाले.

१० मार्च

घडलं तसं लिहिते.

बाबा लग्नातला कोट घालून आले. नखांतलं काळं घासून घासून बोटं लाल केली होती. वर्गात आम्ही तिघंच. एमा ल्वोव्ना टेबलापाशी, समोर माझी पिवळी उघडी.

"इग्नात सेम्योनोविच, हे बघा." त्यांनी पान पुढे केलं. "प्रत्येक पानावर प्रश्नचिन्हं. एका ठिकाणी 'असहमत'. हे ताइसियाचं अक्षर, मी ओळखते. आणि ही दुसऱ्या हाताची चिन्हं कुणाची? पेन्सिलीने काढलेल्या ठळक फुल्या. कुणाला वाचायला देत होतीस, ताइसिया?"

मी बाबांकडे बघितलं. ते वर्गाकडे बघत होते, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे.

"कागद द्या," ते म्हणाले.

"दोन ओळी पुरेत. आणि खाली सही."

"कागद द्या."

ते त्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकात मावेनात. लिहायला लागले. मला सारखं वाटत होतं ते मध्येच उठून जातील आणि मला ते बघावं लागेल. एमा ल्वोव्नांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग बघणं सोडून दिलं. पंचवीस मिनिटं झाली. बाबांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी पेन खाली ठेवलं, सगळं पुन्हा वाचलं, ओठ हलवत, दोन ठिकाणी खोडून दुरुस्त केलं. मग कागद आणून दिला.

तो कागद आता माझ्यासमोर आहे, म्हणून जसाच्या तसा उतरवते. एवढं एकच उतरवणं मला मान्य आहे.

"खुलासा. मी, इग्नात सेम्योनोविच झिर्यानोव, बंदरावर मेकॅनिक, लिहून देतो की माझी मुलगी ताइसिया पिवळ्या पुस्तिकेतून उतरवत नाही. मला हे माहीत आहे कारण उतरवत होतो तो मी. माझे कागद माझी बायको लिहायची. ती सोडून गेल्यापासून मी फक्त सह्या करतो. जानेवारीपासून मी रोज कामाला जाण्याआधी मुलीचे स्वाध्याय सोडवतो. सुरुवातीला मी आधी पुस्तिका उघडायचो आणि माझ्या डोक्यात काही राहायचं नाही. मग तिच्या वहीत पाहिलं की ती आधी लिहिते आणि चुकते, मग उघडते आणि मग का चुकलं ते शोधते. मीही तसंच करू लागलो. जिथं मला कळलं नाही तिथं मी फुली केली. हा कागद मी कुणाला न विचारता लिहिला आहे. १९८० साली तुम्ही मला दोन दिले होते. ते बरोबर होते. तिला द्याल ते बरोबर नसतील."

एमा ल्वोव्नांनी वाचायला सुरुवात केली आणि हातात लाल पेन कधी आलं ते त्यांनाही कळलं नसावं. एक स्वल्पविराम. एक अक्षर. आणखी एक स्वल्पविराम. खालपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"खिडकीजवळचा तिसरा बाक," त्या म्हणाल्या. "तू कधी कोट काढायचा नाहीस. मी रोज ओरडायचे."

"आतल्या शर्टाला बाह्या नव्हत्या."

"मला सांगायचं होतंस, इग्नात."

"तुम्ही विचारलं नव्हतं, एमा ल्वोव्ना. ओरडला होतात."

मला वाटलं आता वर्ग कोसळणार. पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग कागदाच्या खाली, सहीशेजारी, लाल शाईत एक आकडा काढला आणि कागद बाबांकडे वळवला.

"सहा चुका. तीन."

"दहा असतील असं वाटलं होतं," बाबा म्हणाले. त्यांनी कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरला. "हा मी घरी नेऊ का?"

"खुलासा शाळेत राहतो, नियम आहे." मग त्या म्हणाल्या, "ने."

माझे घरचे गुण परत मिळाले. पण एमा ल्वोव्ना त्या एमा ल्वोव्नाच. दारातून म्हणाल्या, "ताइसिया, तिमाहीचा निकाल सतरा तारखेच्या श्रुतलेखनावर. दयेचा अर्धा गुणही मिळणार नाही."

"मागितलाय कुणी?" मी म्हटलं.

घरी येताना बाबांचा हात धरला. चौदा वर्षांची मुलगी भर रस्त्यात बापाचा हात धरून चालते हे स्नेझानाने पाहिलं असेल तर पाहू दे. मी त्यांना म्हणाले, न वाचता सह्या करता असं मी म्हटलं ते चुकलं. ते म्हणाले, "चुकलं नव्हतं. म्हणून तर झोंबलं."

१७ मार्च

श्रुतलेखन झालं. काय झालं ते कळत नाही. ताडून बघायला काही नाही.

२० मार्च

तीन! चार चुका, त्यातल्या दोन तर मला लिहितानाच संशयास्पद वाटल्या होत्या. तीन म्हणजे पास. नववी!

एमा ल्वोव्नांनी वही दिली आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. "वडिलांना दे. त्यांच्या आवृत्तीत मच्छीमार आहे." घरी उघडलं तर नव्या आवृत्तीची उत्तरांची पुस्तिका! प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईत बारीक खुणा, कुठं "इथे चूक", कुठं "का?". कोपरे झिजलेले. ज्या बाई या पुस्तिकांना मेंदूचं भाडं म्हणतात, त्यांच्याकडे ही आली कुठून, कुणास ठाऊक. कुणाकडून तरी जप्त केली असणार.

२३ मार्च

आज सुट्टी सुरू. बाबांचा खुलासा फ्रिजवर चुंबकाने लावलाय, माझं श्रुतलेखन त्याच्या शेजारी. तीन आणि तीन.

संध्याकाळी बाबा टेबलावर कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. फोरमनच्या जागेसाठी अर्ज. तिसऱ्यांदा विचारलंय आणि या वेळी ते नको म्हणाले नाहीत. मी खांद्यावरून डोकावले. पहिल्याच ओळीत एक चूक दिसली आणि माझं बोट आपोआप पुढे गेलं.

बाबांनी तळहाताने कागद झाकला.

"माझी पेन्सिल अजून खाली ठेवलेली नाही," ते म्हणाले. "तोवर तू जाऊन कपाटावर बस."